धान्य हिरवंगार, कडधान्य मलूल: आंतरपिकातलं पाणी अडतं कुठे?

तक्रार दरवेळी एकाच साच्यातली असते. मका, ज्वारी किंवा बाजरी डोक्याला लागलीय, पानं रुंद, रंग काळपट हिरवा. मधल्या ओळीतलं सोयाबीन, चवळी किंवा भुईमूग (शेंगांच्या या सगळ्या पिकांना मी इथे सरसकट कडधान्यच म्हणतोय) मात्र फुलोऱ्याच्या आसपास मान टाकतंय. फुलं गळतात, शेंगा लागल्या तरी निम्म्या पोचट. पाणी वाढवलं की चार दिवस बरं दिसतं, मग पुन्हा तेच. पुढच्या हंगामात बियाणं बदललं, खत बदललं, तरी त्याच आठवड्यात तोच प्रकार.

मीही यातून गेलोय. मका-चवळीच्या तुकड्यात पहिल्या वर्षी चवळी सुकली, म्हणून दुसऱ्या वर्षी पाण्याच्या पाळ्या वाढवल्या. त्या वर्षी ती सुकली नाही, पिवळी पडली. जमीन सतत ओली राहून मुळांशी हवाच उरली नव्हती. तिसऱ्या वर्षी पाणी वाढवण्याआधी कुदळ घेतली आणि दोन ओळींच्या मधोमध खड्डा खणला. खाली लिहिलेलं बरंचसं त्या खड्ड्यामुळे कळलेलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक शेतांत एकूण पाणी कमी नसतं. दोन्ही पिकांना मातीच्या एकाच थरातून, एकाच पंधरवड्यात पाणी हवं असतं, आणि त्या ओढाताणीत मोठ्या मुळांचं धान्य पुढे जातं. त्यामुळे पाळ्या वाढवण्याआधी ओढाताण कुठे आणि केव्हा होते ते शोधायचं.

पाण्याला दोष देण्याआधी

दुपारी दोनला शेतात उभं राहून निर्णय घेऊ नका. कडक उन्हात चांगल्या ओलीतलं सोयाबीनही पानं उभी करतं आणि भुईमुगाची पानं अर्धवट मिटतात. ऊन अंगावर कमी घेण्याची ती झाडाची हालचाल आहे. बघायचं सकाळी, पण अगदी अंधारात नाही. कडधान्यं रात्री पानं मिटून किंवा खाली सोडून झोपतात, त्यामुळे पहाटे बॅटरी घेऊन गेलात तर सगळंच शेत सुकल्यासारखं वाटेल. सूर्य उगवल्यावर तासाभराने जा. तोवर पान ताठ झालं असेल तर मुळांना पाणी मिळतंय, फक्त दुपारच्या मागणीला पुरत नाही. त्या वेळीही पान लोंबत असेल तर ओल संपलेली आहे किंवा मुळं निकामी झालेली आहेत.

या दोन्हींतला फरक कळायला सुकलेलं एक झाड मुळासकट हळूच काढा. तुरीच्या खोडाची साल बुडाशी सोलून आत तपकिरी-काळी रेघ दिसली तर तो मर रोग आहे, आणि तिथे कितीही पाणी दिलं तरी झाड उठणार नाही. मुळावर फुगवटे असतील तर नख लावून बघा. हवेतलं नत्र बांधणाऱ्या गाठी नखाने सहज सुटतात. सूत्रकृमींचे, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींचे, फुगवटे मुळाचाच भाग असतात, ते सुटत नाहीत. सुटलेली गाठ फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर ती काम करतेय. हिरवट किंवा करडी असेल तर तिचं काम थांबलंय.

पाण्याचा ताण गाठींना फार लवकर लागतो. सोयाबीनमध्ये तर पान मलूल दिसायच्या आधीच नत्र बांधणं मंदावतं. म्हणून न सुकता नुसतं फिकट पडलेलं सोयाबीन दिसलं की लगेच युरियाकडे धावू नका. आधी ओल तपासा.

कुठली ओळ आधी सुकते?

सगळ्या तपासणीत मला हीच सगळ्यात उपयोगी वाटते, आणि तिला काही साहित्यही लागत नाही. शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवं चालत जा आणि मान टाकलेल्या ओळी वहीत मांडत जा.

धान्याच्या दोन ओळी आणि कडधान्याच्या चार, अशी पेरणी असेल तर कडधान्याच्या चारपैकी कडेच्या दोन ओळींना धान्याचा शेजार आहे, मधल्या दोन ओळींना नाही. कडेच्या सुकल्या आणि मधल्या टवटवीत राहिल्या, तर धान्य त्यांचं पाणी ओढतंय. चारही सारख्याच सुकल्या तर शेताला एकूणच पाणी कमी पडतंय, किंवा ते कडधान्याच्या मुळांपर्यंत पोचत नाहीये. आणि ओळींशी संबंध न ठेवता ठिपक्याठिपक्यांनी सुकलं असेल, तर दोष पिकांच्या जोडीचा नाही. उथळ माती, उंचवटा, तुंबलेले ड्रिपर, तुषारच्या दोन नोझलमधली कोरडी जागा, असलं काहीतरी सापडेल.

एकास एक पेरणीत मधली ओळच नसते. तिथे एक छोटा तुकडा बळी द्यावा लागतो. फुलोऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी तीन मीटर लांबीत, कडधान्याच्या एका ओळीच्या दोन्ही बाजूंची धान्याची ताटं जमिनीलगत कापून टाका. उपटू नका, माती हलते आणि शेजारची मुळं तुटतात. त्या तुकड्याला जास्तीचं पाणी द्यायचं नाही. सावली गेल्यामुळे तिथलं कडधान्य आता जास्त ऊन झेलतंय, म्हणजे त्याची पाण्याची गरज वाढलीय. तरीही ते बाकीच्या ओळींपेक्षा ताठ राहिलं, तर शेजारचं धान्यच पाणी नेत होतं यात शंका नको.

खड्डा

माझा खड्डा साधारण सत्तर सेंटीमीटर खोल होता. मक्याला तुरा आला होता आणि चवळी ऐन फुलात होती. दर पंधरा सेंटीमीटरला मूठभर माती काढून दाबत गेलो. मध्यम मातीत गोळा होऊन त्यावर अंगठ्याचा ठसा उमटला तर ओल भरपूर आहे. गोळा होतो पण हातात उडवला की फुटतो, तर ओल निम्म्यावर आलीय. गोळाच होत नाही, माती बोटांतून सांडते, तर त्या थरातून पीक आता काही घेऊ शकत नाही.

वरच्या तीस सेंटीमीटरमध्ये माती सांडत होती. पंचेचाळीसला मात्र मस्त गोळा झाला, ठसा उमटला. म्हणजे खाली पाणी होतं. खड्ड्याच्या भिंतीवर तांब्यातलं पाणी हळूहळू सोडून माती धुतली, तेव्हा मक्याची पांढरी तंतुमुळं चवळीच्या ओळीखालून पलीकडे गेलेली दिसली. चवळीचं सोटमूळ साधारण बावीस सेंटीमीटर सरळ उतरलं होतं आणि तिथे काटकोनात वळून आडवं पसरलं होतं. वळलं होतं तिथे सुरी टोचली तर टोक जेमतेम आत गेलं. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगर चालवून तयार झालेला घट्ट थर होता तो.

तिथे चवळीचा दोष नव्हता, मक्याचाही नव्हता. दोघांनाही खाली जायला वाट नसल्यामुळे दोघं वरच्या वीतभर मातीत भांडत होती. असा थर सापडला तर कुठलीही मांडणी बदलण्याआधी तोच फोडायचा. हंगाम संपल्यावर, जमीन खोलवर कोरडी असताना सबसॉयलर (खालचा घट्ट थर फोडणारा खोल फाळ) चालवा. ओल्या जमिनीत चालवलात तर थर तडकत नाही, फाळाच्या बाजूची माती लिंपली जाते आणि पुढच्या वर्षी दुखणं तिथेच राहतं. शिवाय ट्रॅक्टरची चाकं दरवर्षी ठरलेल्या पट्ट्यांवरूनच न्यायची, नाहीतर दोन हंगामांत थर पुन्हा बसतो.

पाळीचं अंतर कुणाकडे बघून ठरतं?

थर नाही, मुळं सरळ खाली गेलीत, तरी सुकतंय, तर पुढचा संशय पाळ्यांमधल्या अंतरावर घ्यायचा. बहुतेक जण उंच पिकाकडे बघून पाणी देतात. मक्याचं पान सुरळी व्हायला लागलं की मोटर सुरू. तोवर कडधान्याचे आठ दिवस ताणात गेलेले असतात.

आकड्यांत मांडून बघू. मध्यम पोताची माती एक मीटर खोलीत पिकाला घेता येईल असं साधारण १५० मिलिमीटर पाणी धरते. सोयाबीनची कामाची मुळं ६० सेंटीमीटरपर्यंत धरली तर त्याची टाकी ९० मिलिमीटरची. त्यातलं निम्मं संपलं की सोयाबीनला ताण जाणवायला लागतो, म्हणजे हाताशी ४५. मक्याची मुळं १२० सेंटीमीटर धरली तर टाकी १८० ची, आणि तो त्यातलं ५५ टक्के बिनधास्त वापरू शकतो, म्हणजे ९९. शेतातून रोज ६ मिलिमीटर पाणी जात असेल तर सोयाबीन सातव्या-आठव्या दिवशी ताणात येतं आणि मका सोळाव्या-सतराव्या दिवशी.

आणि हा हिशेब सोयाबीनच्या बाजूने झुकलेला आहे. दोन्ही टाक्या वेगळ्या असल्यासारखा तो मांडलाय. प्रत्यक्षात वरचा ६० सेंटीमीटरचा थर सामाईक आहे, मक्याचीही दाट मुळं तिथेच असतात आणि तोही आधी तोच उपसतो.

म्हणून पाळी कडधान्याकडे बघून ठरवा. एकूण पाणी वाढवायचं नाही, वाटून द्यायचं. पंधरा दिवसांनी ९० मिलिमीटर देत असाल तर साडेसात दिवसांनी ४५. हेक्टरी १ मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर, तेव्हा ही पाळी ४५० घनमीटरची झाली. वारंवार पाणी दिल्याने माती वरून जास्त वेळा ओली होते आणि थोडं पाणी उन्हाने उडतं, हे खरं आहे. पण दोन्ही पिकांनी जमीन झाकल्यावर ते नुकसान किरकोळ असतं. ओळी उघड्या असताना, सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांत मात्र हलक्या पाळ्या टाळा. त्या काळात पाणी जमिनीवरून उडतं आणि मुळांना खाली जायची गरजच वाटत नाही.

टेन्सिओमीटर (माती पाणी किती ताणून धरतेय ते दाखवणारं यंत्र) असेल तर तो कडधान्याच्या ओळीत, २५ ते ३० सेंटीमीटरवर लावा आणि दुसरा साठवर. मक्याच्या ओळीतल्या टेन्सिओमीटरवरून कडधान्याचं काही कळत नाही. वरचा काटा झपाट्याने चढतोय आणि खालचा हलत नाही, तर खाली पाणी आहे पण मुळं नाहीत. साधारण ८० किलोपास्कलच्या पुढे हे यंत्र काम करत नाही, आतल्या पाण्यात हवा शिरते. त्यामुळे खूप कोरड्या मातीत ते अचानक शून्याकडे आलं तर जमीन ओली झाली असं समजू नका. ही फसगत मी दोनदा करून घेतली आहे.

दोन पिकं म्हणजे दुप्पट पाणी?

नाही. पाणी देण्याचं वेळापत्रक कागदावर करणारे लोक हमखास इथे अडखळतात. ठरलेल्या हवामानात प्रमाण गवताळ जमिनीतून जितकं पाणी उडतं त्याला संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन म्हणतात, आणि पीक त्याच्या किती पट पाणी घेतं तो पीक गुणांक. ऐन वाढीत मक्याचा पीक गुणांक १.२०, सोयाबीनचा १.१५. दोन पिकं आहेत म्हणून दोन्हींची बेरीज केली जाते, २.३५. हे संदर्भ बाष्पपर्णोत्सर्जन दिवसाला ५ मिलिमीटर असेल तर रोजचे पावणेबारा मिलिमीटर! मग जमीन दलदल होते, कडधान्याची मुळं गुदमरतात आणि पानं पुन्हा लोंबतात. शेतकरी म्हणतो, एवढं पाणी देऊनही सुकतंय, म्हणजे अजून हवं.

पाणी उडवण्यासाठी ऊर्जा लागते आणि ती येते मुख्यतः उन्हातून. एका हेक्टरवर ऊन एका हेक्टरचंच पडतं, पिकं दोन असोत की चार. म्हणून जमीन पूर्ण झाकलेल्या आंतरपिकाची गरज सलग पिकाच्या आसपासच राहते. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) १९९८ च्या सिंचन मार्गदर्शिकेत यासाठी भारित सरासरी दिली आहे. प्रत्येक पिकाने व्यापलेला जमिनीचा हिस्सा, त्याची उंची आणि त्याचा गुणांक यांचा गुणाकार करायचा, दोन्ही पिकांचे गुणाकार मिळवायचे आणि हिस्सा गुणिले उंची यांच्या बेरजेने भागायचं. मका निम्म्या जमिनीवर २ मीटर उंच, सोयाबीन उरलेल्या निम्म्यावर ०.७५ मीटर, तर उत्तर येतं १.१९. रोजचे जवळपास ६ मिलिमीटर. उंच पिकाने बुटक्याला पूर्ण झाकलं असेल तर एवढंही करायला नको, ज्याचा गुणांक मोठा तोच धरायचा.

यात एक मेख आहे. धान्याची रोपसंख्या पूर्ण ठेवून वर कडधान्याची भर घातली, तर जमीन लवकर झाकली जाते आणि पूर्ण गुणांकाचे दिवस वाढतात. रोजची गरज वाढत नाही, पण साठा लवकर संपतो. पाऊस बेभरवशाचा असेल आणि सिंचनाची सोय नसेल, तर अशी भर घालण्यापेक्षा धान्याच्या काही ओळी काढून तिथे कडधान्य घेणं मला शहाणपणाचं वाटतं.

तहानेचे आठवडे एकमेकांवर आलेत का?

एका कागदावर पेरणीपासूनचे आठवडे ओळीने लिहा. मक्याला स्त्रीकेसर (कणसाच्या टोकाचे रेशमी केस) येण्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन आठवडे लाल करा. कडधान्याचा फुलोरा आणि शेंगा भरण्याचा काळ निळा करा. भुईमुगात आऱ्या (फुलानंतर खाली येऊन टोकाला शेंग धरणारे देठ) जमिनीत शिरायचा काळही निळ्यात घ्या, कारण तेव्हा वरचा पाच सेंटीमीटर थर मऊ असावा लागतो, खोलवर कितीही ओल असली तरी आऱ्यांना तिचा उपयोग नाही.

लाल आणि निळा जितके एकमेकांवर येतील तितकी भांडणं. एकाच दिवशी पेरलेला मका आणि लवकर येणारी चवळी यांचा बहुतेक सगळा काळ एकमेकांवर येतो. वाण बदलून हे सुटतं. उशिरा फुलणारं कडधान्य किंवा लवकर निसवणारं धान्य घेतलं की दोन-तीन आठवड्यांची फट पडते. पेरणी मागेपुढे करूनही फट पाडता येते, पण तिथे हात राखून. मागून पेरलेलं कडधान्य धान्याच्या सावलीत उगवतं आणि काटकुळं राहतं. पाण्याचं भांडण मिटवून उजेडाचं ओढवून घ्यायचं, असला तो सौदा होतो.

या बाबतीत ज्वारी आणि तूर ही जोडी पाठ्यपुस्तकात शोभणारी आहे, आणि इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत तिच्यावर वर्षानुवर्षं काम झालंय. तूर पहिले दोन महिने रांगत असते, तेवढ्यात ज्वारी आपलं उरकून निघून जाते. मग उरलेली ओल तुरीची. तरीही तुरीवाल्यांची तक्रार येतेच, फक्त उशिरा: ज्वारी काढली आणि पंधरा दिवसांनी तुरीची फुलं गळायला लागली.

तिथे मी पहिल्यांदा ज्वारीच्या बुडख्यांकडे बघायला सांगतो. कणसं कापून नेली तरी ओलीवर बुडख्यांना फुटवे येतात. ते कोवळे, हिरवेगार फुटवे तुरीच्या वाटचं पाणी पीत उभे असतात आणि कुणाचं लक्ष नसतं, कारण शेत हिरवं दिसतं. ते मुळापासून काढा, धाटं-पाला ओळींच्या मधे अंथरा, भेगा पडायला लागल्या असतील तर हलकी कोळपणी करून बुजवा. भेगांतून खालच्या थरांची ओल थेट उडते. एखादी पाळी हाताशी असेल तर ती तुरीला फुलोऱ्याच्या तोंडावर द्या.

खोल मुळांची झाडं रात्री खालचं पाणी वरच्या कोरड्या थरात आणून सोडतात, असं तुम्ही वाचलं असेल. ते खरं आहे आणि तुरीमध्ये ते तपासूनही बघितलेलं आहे. पण त्यावर पाळी चुकवण्याइतका भरवसा मी ठेवणार नाही.

ओळी, लॅटरल आणि युरिया

भांडण ओळींच्या सीमेवर होत असेल तर सीमा कमी करा. एकास एकमध्ये कडधान्याच्या प्रत्येक ओळीला दोन्हीकडून धान्य. दोनास दोनमध्ये एकाच बाजूने. दोनास चारमध्ये निम्म्या ओळी पूर्ण मोकळ्या. पोटरीत येईपर्यंत मक्याची मुळं ओळीपासून अर्धा-पाऊण मीटर सहज पसरतात, त्यामुळे दोन पिकांच्या सीमेवर नेहमीपेक्षा पंधरा सेंटीमीटर जास्त जागा सोडल्यानेही फरक पडतो. पट्टे फार रुंद केलेत तर मात्र ते आंतरपीक राहत नाही, शेजारी शेजारी घेतलेली दोन सलग पिकं होतात.

ठिबक असेल तर लॅटरल (ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळ्या) कुठे आहेत ते बघा. धान्याच्या ओळीला लॅटरल आणि कडधान्य मधल्या मोकळ्या जागेत, ही मांडणी फार ठिकाणी दिसते. चिकणमातीत ओल आडवी पसरते, तिथे चालून जातं. वालुकामय मातीत ओल सरळ खाली उतरते आणि कडधान्य कोरड्या जागेत राहतं. संच बंद केल्यावर तीन-चार तासांनी लॅटरलपासून आडवा एक चर उकरा आणि ओल कुठवर आलीय ते टेपने मोजा. कडधान्याच्या ओळीपर्यंत आली नसेल तर त्या ओळीला वेगळी लॅटरल, आणि जमलं तर वेगळा व्हॉल्व्ह.

नत्राचा भरपूर हप्ता हेही पाण्याचं दुखणं असतं, हे सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. मक्याला दिलेला युरिया फोकून टाकला की मका माजतो, पानांचं क्षेत्र वाढतं, आणि वरच्या थरातली ओल आठवडाभर आधी संपते. त्यात कडधान्याच्या गाठी आयतं नत्र मिळाल्यामुळे आळशी होतात. खत धान्याच्या ओळीलगत मातीआड द्या.

मग आंतरपीक सोडूनच द्यावं का?

चिडून तसं ठरवण्याआधी एकदा मोजा. मीड आणि विली या संशोधकांनी १९८० मध्ये समतुल्य क्षेत्र गुणोत्तराची, म्हणजे आंतरपिकाइतकं उत्पादन सलग पिकांतून घ्यायला किती पट जमीन लागेल या हिशेबाची, मांडणी नीट बसवून दिली. त्याच धर्तीवर पाण्याचाही हिशेब होतो. समजा सलग मका ४५० मिलिमीटर पाण्यात हेक्टरी ८ टन, सलग सोयाबीन ४०० मिलिमीटरमध्ये अडीच टन. आंतरपिकात ४६० मिलिमीटरमध्ये ६ टन मका आणि १ टन सोयाबीन मिळालं. जमिनीच्या हिशेबाने ०.७५ अधिक ०.४०, म्हणजे १.१५. आता पाणी: तेवढा मका सलग शेतात पिकवायला ३३७.५ मिलिमीटर लागलं असतं आणि तेवढं सोयाबीन पिकवायला १६०, मिळून ४९७.५. त्याला ४६० ने भागा, १.०८. जमिनीचा फायदा १५ टक्के, पाण्याचा ८. एकच्या खाली आलं तरच जोडी मोडायचा विचार करा.

आणि सोयाबीनने मक्याइतके टन दिले नाहीत म्हणून त्याला पाणीखाऊ ठरवू नका. मका, ज्वारी, बाजरी सी-४ या, उन्हातून अन्न बनवण्याची वेगळी पद्धत असलेल्या गटातली, तेवढ्याच पाण्यात कडधान्यांपेक्षा जवळपास दुप्पट वाळलेला भार बनवणारी. शिवाय सोयाबीनच्या दाण्यात प्रथिनं आणि तेल जास्त, ते बनवायला झाडाला जास्त खर्च येतो.

नटराजन आणि विली यांच्या १९८६ च्या कामात, ज्वारी-भुईमूग आणि बाजरी-भुईमूग यांसारख्या जोड्यांत पाण्याचा ताण वाढत गेला तसा सलग पिकांच्या तुलनेतला आंतरपिकाचा फायदा वाढलेला दिसला. उत्पादन अर्थात दोन्हीकडे घटलं, पण सलग शेतात जास्त घटलं. तेव्हा कोरड्या वर्षी फक्त आपल्या मलूल चवळीकडे बघून निर्णय घेऊ नका, शेजारच्या सलग तुकड्यातली चवळी कशी आहे तेही बघा.

यंदाचं पीक उभं असेल तर

मांडणी आणि वाण आता बदलता येत नाहीत. समजा एकच पाळी शिल्लक आहे, मका स्त्रीकेसरावर आहे आणि कडधान्य फुलात. पाणी मक्याच्या वेळेने द्या. मक्याचे ते दहा-पंधरा दिवस गेले की कणसात दाणे भरत नाहीत, त्याला दुसरी संधी नाही. चवळी, तूर, भुईमूग मात्र पाणी मिळाल्यावर पुन्हा फुलतात, काढणी लांबते इतकंच. सोयाबीनचं एकदम फुलून एकदम आटोपणारं वाण शेंगा भरत असेल तर निवड अवघड आहे. तिथे ज्या पिकावर तुमचा हंगाम अवलंबून आहे त्याला द्या आणि दुसऱ्याकडून कमी धरून चाला. दोघांना अर्धं अर्धं देऊन दोन्ही अर्धपोटी ठेवू नका.

मक्याचे दाणे भरत आले की दर दोन दिवसांनी एका कणसातले चार-पाच दाणे उकरून बघत जा. दाण्याचं टोक, जिथे तो बुरखुंडाला चिकटलेला असतो, तिथे नखाने खरवडा. काळा थर दिसला की त्या दाण्यात आता काही भरायचं राहिलेलं नाही. कणसं ताटावर वाळायची वाट न बघता ताटं कापून बांधावर रचा आणि पाला ओळींत पसरा. त्यानंतर पाऊस पडला किंवा पाणी देता आलं, तर ते सगळं कडधान्याचं.